हातभर डावीकडे

एप्रिल लागला की आमच्या फ्रीजमध्ये मोहरीच्या सॉसच्या बाटल्यांची जत्रा भरते. सगळ्या अर्ध्या. कुणाची झणझणीत, कुणाची मध घातलेली, एकीवर सगळं फ्रेंचमध्ये लिहिलेलं, कारण ती थेट क्वेबेकहून आलेली. शिवाय तळाला चार फोडी उरलेली लोणच्याची बरणी, गोठलेले वाटाणे, आणि कुणीतरी मोठ्या मायेनं केलेला पण कुणालाच न आवडलेला ट्यूना-नूडल्सचा ट्रे.

त्याचं असं आहे, थंडी काढायला ॲरिझोनात आलेली म्हातारी मंडळी एप्रिलमध्ये आपापले ट्रेलर, म्हणजे ट्रकला जोडून ओढायची चाकांवरची घरं, घेऊन उत्तरेला परत निघतात. निघण्याआधी फ्रीज रिकामा करायचा असतो आणि टाकून द्यायचं तर जिवावर येतं. मग आमचं दार वाजतं.

"शॉना, हे तुम्हीच संपवा गं. तुम्ही काय, इथेच आहात."

तुम्ही काय, इथेच आहात. हे वाक्य मी तीन एप्रिल ऐकलं. या खेपेला चौथा होता, आणि या खेपेला मी दारातच सांगायचं ठरवलं होतं की माफ करा, आम्हीही निघालोय, उलट आमचीच मोहरी तुम्ही घेऊन जा!

पण आधी आम्ही कोण ते सांगते. आम्ही म्हणजे मी, लेनी, सोळाला दोन महिने कमी, आणि माझी आई शॉना. ती हायवेवरच्या ट्रकवाल्यांच्या थांब्यावर सकाळची न्याहारी बनवते. अंडी, बटाटे, पॅनकेक, पुन्हा अंडी. आम्ही ट्रेलरमध्ये राहतो. सुट्टीपुरतं नाही. बारा महिने.

आईबाबा वेगळे झाले तेव्हा कोर्टानं वाटणी केली. पिकअप ट्रक बाबाला, ट्रेलर आईला. न्यायाधीशबाईंना वाटलं असेल, झालं, समसमान. आता तुम्हीच सांगा, बैल एकाला आणि गाडी दुसऱ्याला, याला समसमान म्हणतात का? बाबानं आम्हाला शेवटचं ओढून या पार्कात, म्हणजे ट्रेलर लावायच्या भाड्याच्या जागांच्या वसाहतीत, आणलं, चाकांखाली ठोकळे सारले, ट्रकला जोडणारा आकडा सोडवला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि टेक्ससला निघून गेला. तेव्हापासून आमच्या घराला चार चाकं आहेत आणि ते जागचं हलत नाही.

शाळेत कुणी विचारलं कुठे राहतेस, तर मी पूर्वी म्हणायचे, "हायवेच्या पलीकडे." खोटं नाही, पण खरंही नाही. यंदापासून सरळ सांगते, ट्रेलरमध्ये, आणि वर विचारते, "तुला येतो का ट्रेलर मागे लावता?" कुणालाच येत नाही. मला येतो.

हे मला आर्विदनं शिकवलं. आर्विद सॉल्बर्ग, मिनेसोटाचे, आमच्या शेजारच्या जागेतले. हाडापेरानं लांबलचक, कान मोठे, बोलणं कमी. इन्ग्रिड, म्हणजे त्यांची बायको, होती तोवर दोघांचं मिळून ती एकटीच बोलायची. दीड वर्षापूर्वीच्या हिवाळ्यात ते एकटे आले. येऊन दोन आठवडे झाले तरी कुणाशी बोलले नाहीत. एक दिवस मी शाळेच्या बसमधून उतरले तर ते पार्काच्या मागच्या मोकळ्या मैदानात ट्रक-ट्रेलर घेऊन बसले होते, इंजिन चालू, आणि मागे बघत होते. मागे कुणीच नव्हतं.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. मागे उभं राहायला माणूस नाही."

"मी राहते की."

"तुला खुणा येतात?"

"नाही. शिकवा."

असं ते सुरू झालं. ट्रेलर मागे लावणं, म्हणजे ट्रक उलटा घेत ट्रेलर जागेत बसवणं, हे आमच्या पार्कातलं सगळ्यात मोठं नाटक असतं. नोव्हेंबरमध्ये दमलेली जोडपी येतात, नवरा ट्रकमध्ये, बायको मागे उभी, आणि सगळी रांग खुर्च्या टाकून बघायला बसते.

"डावीकडे! डावीकडे घे!"

"कुणाच्या डावीकडे, ग्रेटा?"

"देवाच्या!"

मग तिच्या नवऱ्यानं, डगनं, ट्रेलर विजेच्या खांबाला घासला की ग्रेटा तशीच चालत कपडे धुवायच्या खोलीत जाऊन बसायची, ती रात्रीच्या जेवणाला परत. पार्कात म्हणच आहे की न भांडता ट्रेलर लावणारं जोडपं दिसलं तर समजावं, भाऊबहीण आहेत.

असा तमाशा चालू झाला की माझी आई मात्र आमची खिडकी लावून घ्यायची आणि पंखा मोठा करायची. मला कारण माहीत होतं. आमचा ट्रेलर मागे लावताना बाबा ट्रकमधून काय काय ओरडायचा, ते मी मागच्या सीटवर बसून ऐकलेलं आहे. आई दोन्ही हात वर करून धुळीत उभी, आणि हा आरशात बघून विचारतोय, "ती काय खूण आहे? माशा हाकलतेस?" एकदा तिनं शपथ घेतली होती. पुन्हा कधी ट्रेलरच्या मागे उभी राहणार नाही.

आर्विद ओरडत नसत. ते म्हणाले, "स्टिअरिंग वरून नको धरूस, खालून धर. आता हात जिकडे नेशील, तिकडे ट्रेलरचं ढुंगण जाईल. डोकं लावू नकोस, हाताला करू दे." मला आधी हसूच आवरेना. पण खरंच तसं होतं! खालून धरलं की उलटं सगळं सुलट होतं. सगळा हिवाळा आम्ही त्या मैदानात बादल्या मांडून सराव केला, आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये डगनं दुसऱ्यांदा खांब गाठला तेव्हा मी पुढे होऊन म्हणाले, "डग, तुम्ही उतरा. ग्रेटा, तुम्ही बसा." एका दमात लावला. रांगेनं टाळ्या वाजवल्या. त्यानंतर आठवडाभर सगळीकडे एकच, लेनीला बोलवा, लेनी कुठे आहे, लेनी शाळेतून आली का? पार्काचे रस्ते खाजगी, परवाना कुणी विचारत नाही. आमच्या व्यवस्थापक लुपे तर म्हणाल्या, "पोरी, तुझा पुतळा उभारते, फक्त माझे खांब वाचव."

तर असा हिवाळा. आणि मग उन्हाळा.

उन्हाळा सांगणं कठीण आहे. एप्रिलच्या शेवटापर्यंत सगळे जातात आणि मागे उरतात खडीचे रिकामे चौकोन. प्रत्येकात एक नळ, एक विजेचा खांब. लुपे ऑफिसात थंड हवेत बसून असतात, पलीकडच्या टोकाला एक बहिरे गृहस्थ असतात ते दारच उघडत नाहीत, आणि मधे आम्ही. दुपारी ऊन असं की दाराची कडी फडक्यानं धरावी लागते. शाळा मेच्या अखेरीला बंद. वर्गातल्या मैत्रिणी गावात राहतात, बारा मैलांवर, आणि आमच्याकडे गाडी म्हणजे आईला कामावर नेणारी थांब्याची व्हॅन. मी संध्याकाळी माझी ताटली घेऊन निघते आणि ग्रेटाच्या चौकोनात बसून जेवते. दुसऱ्या दिवशी क्वेबेकवाल्यांच्या. कधी आर्विदच्या. "काय म्हणता, बरं आहे ना?" असं मोठ्यानं विचारतेही. हसू नका. तुम्ही एक जुलै काढून बघा.

मंगळवारी कचऱ्याचा ट्रक येतो. उन्हाळ्यात पार्काला फेरा मारणारी तेवढी एकच गाडी.

फेरा म्हणजे काय तेही सांगायला हवं. आमच्याकडे पद्धत आहे. जो निघतो, तो थेट फाटकाबाहेर जात नाही. आधी पार्काला पूर्ण फेरा मारतो, हॉर्न वाजवत, आणि राहणारे सगळे आपापल्या जागेत उभे राहून हात हलवतात. आपल्याच जागेत. रस्त्यावर यायचं नाही, नाहीतर निरोप अपुरा राहतो म्हणे. पहिल्या दिवसांत निघणाऱ्याला शंभर माणसं हात हलवतात. शेवटी निघणाऱ्याला आम्ही दोघी.

मार्चमध्ये आर्विद आमच्याकडे जेवायला आले. आईनं घेवडा आणि मक्याचा पाव केला होता. त्यांनी ताटलीतला शेवटचा कण पावानं पुसला आणि म्हणाले, "ट्रेलर विकला."

आईचा हात थांबला. "कधी?"

"काल. क्वेबेकच्या एकाला. मला आता एकट्याला नाही जमत, शॉना. मुलाकडे राहीन." मग बराच वेळ त्यांनी काचेचा पेला फिरवला. "म्हणजे माझा ट्रक यंदा मोकळा जाणार. मागे काही नाही. तुझी बहीण नेब्रास्कात ना? माझ्या वाटेवरच आहे."

मी आईकडे बघितलं. आईनं पावाकडे बघितलं.

व्हर्ना मावशी कधीची बोलावत होती. कोठाराशेजारी जागा आहे, वीज आहे, पाणी आहे, दोन मावसबहिणी आहेत, शाळा चालत जाण्याइतकी. उन्हाळ्यातसुद्धा माणसं आहेत! अडचण एकच होती, बैल. आणि आता बैल समोर बसून पाव खात होता.

"बघू," आई म्हणाली.

"आई, बघू म्हणजे नाही."

"बघू म्हणजे बघू."

"तू स्वेटरलाही बघू म्हणाली होतीस. मला तो लहान झाल्यावर मिळाला."

आर्विद छताकडे बघत राहिले. आई हसली, पण हसण्यात तिचे डोळे आलेच नाहीत. मग मी जे कधी बोलत नाही ते बोलले. "मला अजून एक उन्हाळा इथे नाही काढता येणार, आई. मी रिकाम्या जागांशी बोलते."

ती उठली, ताटल्या गोळा केल्या, आणि नळाखाली धरून पाठमोरीच म्हणाली, "बरं. जाऊ."

त्या शनिवारी आर्विद आमची चाकं तपासायला आले. उन्हानं टायर फुटू नयेत म्हणून इथे सगळेच त्यांवर पांढरी झाकणं घालतात. आमची झाकणं मी कधी निघालेली बघितली नव्हती. आर्विद गुडघ्यावर बसताना पुटपुटले, "चार वर्षं एकाच बाजूवर भार. टायर बसले असणार." आणि झाकण ओढलं. टायर गोल, टणटणीत.

"हे कसं काय?"

आई दारात उभी होती, हात पुसत. "महिन्यातून एकदा जॅकवर उचलते. थोडं थोडं फिरवते."

"कधी?" मी विचारलं.

"तू शाळेत असतेस तेव्हा."

"पण का? आपल्याकडे ट्रकच नाही."

"चालू नाही शकली तर ती गाडी कसली, मग खोकं झालं ते. मला खोक्यात राहायचं नाही."

मला वाटलं, म्हणजे तिलाही निघायचंच होतं की! मी आनंदानं तिला मिठी मारली. मला वाटलं. हे तेवढं लक्षात ठेवा.

निघायच्या दिवशी मी कोंबडं आरवायच्या आधी उठले, म्हणजे इथे कोंबडं नाही, कोल्ह्यासारखे कोयोटी ओरडतात. पाइप सोडवले, केबल गुंडाळली, सरकती भिंत आत घेतली. घर एकदम अर्ध्या रुंदीचं झालं, पोट आत ओढल्यासारखं. पायरी दुमडली. मग आर्विदनं ट्रक लावला, आकडा अडकला, आणि तो खण्ण आवाज! चार वर्षांनी. रांगेत राहिलेले लोक भोवती फिरून तपासून गेले, कारण निघणाऱ्याची गाडी दुसऱ्या डोळ्यांनी बघायची असते. अँटेना खाली आहे का, दार लागलंय का. मागच्या साली डग पायरी बाहेर ठेवून निघाला होता, ती फाटकावर राहिली.

ग्रेटा माझ्या हातात एक बाटली कोंबायला आली.

"नको, ग्रेटा! आम्ही निघालोय!"

"अगंबाई, हो की," ती म्हणाली आणि बाटली हातात घेऊन तशीच उभी राहिली. तिला ती आता कुणाला द्यायची तेच कळेना.

आर्विदनं किल्ली माझ्यापुढे धरली. "फेरा तू मार. फाटकापाशी मी घेतो."

मी! मी उडी मारूनच चढले. ते शेजारी बसले. "आई, चल, मागे बस."

आई आमच्या जागेत उभी होती. ट्रेलर आता रस्त्यावर होता आणि जागा मोकळी. खाली खडीचा लांबोडका फिकट पट्टा, चार वर्षं ऊन न लागलेला, आणि त्याच्या कडेला तिची घडीची खुर्ची, ती भरायची राहिली होती.

"तू मार फेरा," ती म्हणाली. "आपल्या जागेतून कुणीतरी हात हलवायला हवा ना. फाटकाशी येते मी."

मला ते पटलंसुद्धा. पद्धतच आहे ती.

तो फेरा मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी हॉर्न दाबला तर दाबूनच ठेवला. पहिल्या रांगेत क्वेबेकवाले, त्यांनी टोप्या उडवल्या. डग दोन्ही हात हलवत होता, विजेच्या खांबापासून लांब उभा राहून. लुपे ऑफिसाच्या दारात, "खांब सांभाळ!" असं ओरडत. मी डोकं खिडकीबाहेर काढलं होतं, आर्विदनं माझा शर्ट मागून धरला होता. आरशात आमचं घर माझ्यामागून येत होतं! किरकिरत, डुलत, पण येत होतं. चार वर्षं मी जमिनीवरून हात हलवला होता. आता कळलं, वरून सगळं किती वेगळं दिसतं ते.

मग मी मागची रांग घेतली. ती रांग आधीच गेलेली होती. सगळे चौकोन रिकामे, त्यामुळे तिथून पलीकडचं थेट आमच्या जागेपर्यंत दिसतं. आणि मला दिसलं, घर नाही. नळ आहे, खांब आहे, फिकट पट्टा आहे, आणि पट्ट्याच्या मधोमध खुर्ची टाकून आई बसली आहे. स्वयंपाकघर जिथे होतं, बरोबर तिथे. पाय जवळ घेऊन, कारण आमच्या स्वयंपाकघरात तिला तसेच घ्यावे लागायचे. भिंत नसतानाही.

ती हात हलवत नव्हती.

माझा हात हॉर्नवरून निघाला. आर्विदनंही बघितलं असणार, कारण त्यांनी माझा शर्ट सोडला.

फाटकाशी आम्ही थांबलो. वाट बघितली. इंजिन चालू. मग आर्विद म्हणाले, "जा, बघून ये."

मी पळतच गेले. "आई, चल ना. सगळे थांबलेत."

"तू जा, लेनी."

"म्हणजे?"

"व्हर्ना वरची खोली देईल तुला. ट्रेलरही घेऊन जा हवा तर. थांब्यामागे खोल्या आहेत, मी घेईन एक." हे ती इतकं शांतपणे म्हणाली, जणू अंडी कशी हवीत विचारते आहे.

"मग हो कशाला म्हणालीस?"

"तू रिकाम्या जागांशी बोलतेस म्हणालीस, त्यावर मी आणखी काय म्हणणार होते?"

मी तिच्यासमोर खडीवर बसले. खडी गार होती. चार वर्षांची सावली होती तिच्यात.

"तिथे माणसं आहेत, आई."

"आहेत. व्हर्नाची. तिच्या कोठाराशेजारी तिची वीज, तिचं पाणी. तिला मी रोज दिसणार, अंगणात उभी केलेली. इथे मला कुणी उभं केलेलं नाही. इथे मी राहते. बाबा आपल्याला ओढत होता तेव्हा कधी कुणी विचारलं का, शॉना, कुठे जायचं? ही पहिली जागा आहे जिथून मी निघाले नाही. मला निघता येतं आणि मी निघत नाही. तुला कळतंय का, काय म्हणते?"

मला कळत होतं. आणि मला भयंकर राग आला होता, हेही खरं. मी एकटी जाऊ शकत होते. मावशीची खोली, बहिणी, शाळा. आर्विद फाटकाशी होते, तोंड उत्तरेकडे. फक्त वळून चालायला लागायचं होतं. पण मी मागच्या रांगेतून बघितलं होतं ना. कुणी तरी त्या चौकोनात मागे बसलेलं आहे, हे ठाऊक असताना मला नेब्रास्कात कुठल्या माणसांशी बोलता आलं असतं? मी तिथे बसूनही या रिकाम्या जागेशीच बोलले असते.

मी उठले, गुडघ्याची खडी झटकली.

"ठीक आहे. पण मी एकटी लावणार नाही. मागे तू उभी राहायचंस."

आई पटकन म्हणाली, "आर्विदना सांग."

"नाही. तू."

"लेनी, मला नाही येत ते. तुला माहीत आहे."

"मी ओरडत नाही," मी म्हणाले. "मी बाबा नाही."

आर्विदना मी एवढंच सांगितलं, "परत लावतेय." त्यांनी फाटकाबाहेरच्या लांब रस्त्याकडे एकदा बघितलं. सोबत मिळेल म्हणून त्यांनी वाटेत खायला तिघांपुरते सँडविच बांधून घेतले होते, ते मला सीटवर दिसत होते. "बरं," ते म्हणाले. "स्टिअरिंग खालून धर."

मी वळवून आणला, ढुंगण जागेच्या तोंडाशी आणलं, आरशात बघितलं. आई पट्ट्याच्या टोकाला उभी होती, हात अर्धवट वर, कोपरांत आखडलेले. रांगेतल्या लोकांनी खुर्च्या टाकल्या नाहीत. सगळे आपापल्या जागेत उभेच.

"ये!" ती ओरडली. आवाज फाटला. "ये... ये... डावीकडे!"

"कुणाच्या?" मी खिडकीतून विचारलं.

मग आरशात मला तिचे दात दिसले. "देवाच्या!"

ग्रेटा एवढ्या जोरात हसली की डगही हसला. मी खालून धरलेला हात सरकवला, घर मागे सरकलं, आई मागे मागे जात होती आणि तिचे हात हळूहळू मोकळे होत गेले, एक हात मोठा गोल फिरवत, दुसरा सरळ. तिनं थांब म्हणून दोन्ही मुठी आवळल्या आणि मी थांबले. एका दमात.

फक्त हातभर डावीकडे लागलं. मी उतरून बघितलं तर उजव्या बाजूला जुना फिकट पट्टा हातभर बाहेर राहिला होता.

"पुन्हा लावू?" मी विचारलं.

"राहू दे," आई म्हणाली. तिचा श्वास अजून भरला होता. "बाबानं लावलं होतं तिथेच पाहिजे असं थोडंच आहे."

आर्विद दुपारी निघाले, एकटे, मागे काही नाही. फेरा मारला. आमच्यासमोर आले तेव्हा हॉर्न नाही वाजवला, फक्त गाडी अगदी हळू केली. ट्रेलर नसला की ट्रक किती आखूड दिसतो! पुढच्या नोव्हेंबरमध्ये ते येणार नाहीत, हे त्यांना माहीत होतं, आम्हाला माहीत होतं. मी त्यांच्या मागे फाटकात उडालेल्या धुळीकडे ती खाली बसेपर्यंत बघत राहिले. मग दार वाजलं. ग्रेटा, हातात बाटली.

"घे बाई. मला चैन पडेना."

आता जून चालू आहे. सगळे गेलेत. नळाचा पाइप नव्या जागेला हातभर कमी पडला, लुपेंनी जोड दिला. दारातून पूर्वी थेट विजेचा खांब दिसायचा, आता त्याच्या शेजारून हायवेची एक चीर दिसते, आणि त्या चिरेतून ट्रक जातात, उत्तरेकडे जाणारे आणि दक्षिणेकडे जाणारे, डोळ्यांची पापणी लवायच्या आत. मावशीचा फोन येतो. बहिणी विचारतात, करतेस तरी काय तिथे? मी म्हणते, मजेत आहे. अर्धं खरं असतं ते.

आई कामावरून आली की त्या फिकट पट्ट्यावर खुर्ची टाकते. तेवढीच खडी अजून जराशी गार असते, असं तिचं म्हणणं. मी दारातून म्हणते, "आई, आत ये ना, ऊन आहे," तर म्हणते, "मी आतच आहे. हे आपलं स्वयंपाकघर."

मी ताटली घेऊन ग्रेटाच्या चौकोनात जाते अजून. पण परवा आईही तिची ताटली घेऊन मागोमाग आली. दोघी बसलो. "काय म्हणता, ग्रेटा?" आईनं रिकाम्या जागेला विचारलं. मग मोहरी तिचीच असून आम्ही तिला वाढलं नाही, म्हणून तिची माफीही मागितली. हसलो. हसणं थांबल्यावर किती शांत होतं, ते मात्र दोघींनाही ऐकू आलं.

काल मंगळवार होता. कचऱ्याचा ट्रक आला, रिकाम्या रांगांतून धूळ उडवत फिरला. आई म्हणाली, "चल, उभी राहा." आम्ही आमच्या जागेत उभ्या राहिलो, रस्त्यावर न जाता, आणि हात हलवला. ड्रायव्हरनं आधी मागे वळून बघितलं, मागे आणखी कुणी आहे का ते. कुणी नव्हतं. मग त्यानं हॉर्न वाजवला, आणि फाटकापर्यंत वाजवतच गेला.